फ्लूची गोळी: कोणाला, आणि किती लवकर?

पावसाळा सुरू झाला की दवाखान्यात एक मागणी हमखास येते: "मॅडम, ती स्वाइन फ्लूची गोळी लिहून द्या ना!" ती गोळी म्हणजे ऑसेलटामिविर. २००९ साली पुण्यात साथ आली तेव्हा 'टॅमिफ्लू' हे नाव घरोघरी पोचलं, ते अजून लोकांच्या तोंडात आहे. (खरं तर ती बहुधा कॅप्सूल असते, पण आपण गोळीच म्हणू.)

ती नेमकं काय करते? फ्लूचा विषाणू श्वसनमार्गातल्या पेशीत शिरतो आणि तिथे स्वतःच्या असंख्य प्रती काढतो. नवे विषाणू बाहेर पडताना पेशीला चिकटून राहतात. तिथून सुटायला त्यांच्याकडे न्यूरामिनिडेज नावाची जणू कात्रीच असते. ऑसेलटामिविर ही कात्री निकामी करतं. विषाणू मरत नाही, अडकून पडतो. आता तुमच्याच लक्षात येईल की सगळीकडे पसरून झाल्यावर त्याला अडवण्यात फारसा अर्थ नाही. म्हणून लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत औषध सुरू केलं तर फायदा सर्वांत जास्त. डेंगी आणि कोविडचे विषाणूही फ्लूसारखेच आरएनए गटातले, पण त्यांच्याकडे ही कात्री नाही. तिथे ही गोळी निरुपयोगी.

मागच्या वर्षी आमच्या घरी फ्लू आला. आधी मला, दोन दिवसांनी सासऱ्यांना. मी गोळी घेतली नाही. धडधाकट माणसाचं आजारपण तिने साधारण एखाद्या दिवसानेच कमी होतं, आणि मळमळ-उलटीचा त्रास होऊ शकतो तो वेगळाच. सासरे मात्र चौऱ्याहत्तर वर्षांचे, मधुमेह आणि दमा दोन्ही असलेले. त्यांना संध्याकाळी ताप भरला आणि रिपोर्टची वाट न बघता मी त्याच रात्री गोळी सुरू केली. सासूबाईंना हे पटेना. "स्वतः घेतली नाहीस, मग ह्यांनाच का?"

प्रश्न रास्त होता. मला फ्लूने फार तर आठवडाभर अंथरुणात ठेवलं असतं. त्यांना न्यूमोनिया होण्याची भीती होती. तिसऱ्या दिवशी त्यांचा ताप उतरला, खोकला पुढे दोन आठवडे राहिला. गोळीमुळे उतरला की आपोआप, हे एका माणसावरून सांगता येत नाही. पण तशीच वेळ पुन्हा आली तर मी तेच करीन.

तुमच्या घरात गरोदर किंवा नुकतीच बाळंत झालेली बाई, दोन वर्षांखालचं बाळ, पासष्टीपुढचं माणूस, किंवा मधुमेह, दमा, हृदयाचा वा मूत्रपिंडाचा आजार असलेलं कोणी असेल, तर फ्लूच्या दिवसांत ताप-खोकला अंगावर काढू नका. पहिल्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. अशांना किंवा आजार गंभीर झालेल्यांना ४८ तास उलटून गेले तरी आम्ही औषध देतो.

मोठ्यांचा नेहमीचा डोस ७५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, पाच दिवस. मूत्रपिंड कमजोर असेल तर तो कमी करावा लागतो, म्हणून जुने रिपोर्ट सोबत आणा. जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते. आणि गोळी चालू असतानाही धाप लागली, छातीत दुखलं, ओठ निळसर दिसले किंवा रुग्ण गुंगीत जाऊ लागला, तर पुढच्या डोसची वाट पाहू नका, तडक रुग्णालयात न्या.