सहावा फाऊल

त्या रविवारी रात्री माझे धाकटे दीर न जेवताच झोपायला गेले. त्याला कारण मी होते. खरं सांगायचं तर माझ्या गळ्यातली शिट्टी होती.

पावसाळ्यात आमच्या मुंबईच्या उपनगरातल्या सोसायट्यांचे सामने एका शाळेच्या सभागृहात होतात. खेळ फुटसालचा, म्हणजे छपराखालचा फुटबॉल. १९३० साली उरुग्वेतल्या माँटेव्हिडिओ शहरात हुआन कार्लोस सेरियानी या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांनी वायएमसीएसाठी हा खेळ बसवला. गोलरक्षक धरून एका बाजूला पाचच खेळाडू. चेंडू नेहमीपेक्षा लहान आणि कमी उसळणारा. ऑफसाईडची भानगड नाही.

मी कोल्हापूरच्या पेठेत वाढलेली. वडिलांचं बोट धरून शाहू स्टेडियमवर तालमींचे सामने पाहिलेले. त्यामुळे आधीचे पंच गाव सोडून गेले, तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी आमच्याकडे येऊन बसले. म्हणाले, "तुम्ही पत्रकार, म्हणजे तटस्थ. शिवाय बाईमाणसासमोर पोरं तोंड सांभाळून बोलतील." त्यांचा दुसरा अंदाज पहिल्याच सामन्यात खोटा ठरला. पहिल्याची परीक्षा पुढे व्हायची होती.

मी नियमांचं पुस्तक आणून पाठ केलं. "आजवर कुकरच्या शिट्ट्या मोजल्यास, आता स्वतः वाजव!" ह्यांनी चेष्टा केली. पण पुस्तकातला खेळ वेगळा आणि सभागृहातला वेगळा. मोठ्या स्पर्धांत दोन पंच धावतात, शिवाय तिसरा पंच आणि घड्याळ सांभाळणारा असतो. आमच्याकडे मी एकटी. बाजूचा चेंडू चार सेकंदांत खेळात आणायचा असतो. ते सेकंद मी हात वर करून बोटांनी मोजते, तर प्रेक्षकांतली मुलं माझ्याआधीच "एक, दोन, तीन" ओरडून मोकळी होतात. बदली खेळाडू खेळ न थांबवता आत-बाहेर करतात, म्हणून डोकीही मोजावी लागतात. भिंती इतक्या जवळ, की साधा धक्काही माणसाला थेट भिंतीवर नेतो. आणि चाळिशी ओलांडलेले, पोट सुटलेले गृहस्थ धापा टाकत असले तरी बाहेर बसायला तयार नसतात!

तरीही सगळ्यांत कठीण गोष्ट वेगळीच आहे. इथे प्रत्येक जण ओळखीचा असतो. ज्याला रविवारी पिवळं कार्ड दाखवलं, तोच सोमवारी सकाळी लिफ्टमध्ये भेटतो आणि मजल्याचं बटण दाबताना विचारतो, "वहिनी, तो फाऊल कसा काय हो दिलात?"

त्या दिवशी आमच्याच सोसायटीचा सामना होता. एका हाफमध्ये संघाचे पाच फाऊल झाले, की सहाव्याला शिक्षा मोठी असते. समोर भिंत उभी न करता, गोलापासून दहा मीटरवरून किक. शेजारची आठवीतली मुलगी फळ्यावर खडूने रेघा मारत होती आणि आमच्या संघाच्या नावापुढे पाच रेघा झाल्या होत्या. गोल ३-३.

शेवटच्या मिनिटात भावजींनी प्रतिस्पर्ध्याला पाठीमागून कोपराने ढकललं. मी दोन पावलांवर होते. शिट्टी वाजवली. सहावी रेघ. किक, गोल आणि सामना संपला.

घरी आल्यावर कुणी काही बोललं नाही. सासूबाईंनी भावजींचं झाकून ठेवलेलं ताट तसंच उचललं आणि एवढंच म्हणाल्या, "वाढणाऱ्या बाईनं घरच्यांना जास्त वाढू नये हे खरं. पण कमीही वाढू नये गं."

त्यांनी सामना पाहिलाही नव्हता. पण तो शब्द मला लागला. कारण रात्रभर मला छळत होता तो सहावा फाऊल नव्हताच. त्याच्या तीन-चार मिनिटं आधी, गोलासमोरच्या पेनल्टी क्षेत्रात भावजींनाही असाच धक्का बसला होता. तो मी पाहिला होता. शिट्टी ओठांत होती. पण मनात आलं, दिराला पेनल्टी दिली तर लोक काय म्हणतील? आणि मी ती वाजवली नाही.

सकाळी भावजी चहा घेत होते. मी म्हटलं, "भावजी, तुमच्यावर झालेला फाऊल मला दिसला होता. पेनल्टी द्यायला हवी होती. मी घाबरले."

ते बराच वेळ कपाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "सहावा फाऊल खराच होता, वहिनी. मीच ढकललं त्याला. त्याचा राग नाही. पण आधीचा तुम्हाला दिसला होता, हे मला तेव्हाच कळलं होतं. तुमचा हात शिट्टीकडे गेला होता."

मी आजवर पक्षपात म्हणजे आपल्या माणसाला झुकतं माप, एवढंच समजत होते. आपण निःपक्षपाती दिसावं म्हणून आपल्याच माणसावर अन्याय करणं, हाही पक्षपातच. आणि तो जास्त फसवा, कारण त्याचं लोक कौतुक करतात. त्या संध्याकाळी दोघा-तिघांनी माझी पाठ थोपटली होती, "घरचा माणूस असूनही सोडलं नाहीत!" म्हणून.

मी सेक्रेटरींना सगळं खरं सांगितलं. निकाल बदलण्याचा प्रश्न नव्हता. पण आता आमच्या सोसायटीच्या सामन्याला समोरच्या इमारतीतली एक कॉलेजकन्या पंच असते आणि त्यांच्या सामन्याला मी.

पुढच्या रविवारी मी प्रथमच प्रेक्षकांत, सासूबाईंच्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. भावजींना कुणीतरी ढकललं, शिट्टी वाजली नाही आणि माझ्याच तोंडून निघालं, "अगं, लक्ष कुठे आहे तुझं?"

त्या मुलीने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मुकाट्याने खाली बसले.