गिरणगावातली मोकळी जागा

पाहुण्याला मुंबई दाखवायची म्हणजे गेटवे, राणीची बाग आणि संध्याकाळी चौपाटीवर भेळ, असा आपल्याकडे ठरलेला क्रम आहे. लालबाग-परळकडे पाहुण्याला नेलेच तर ते गणपतीत, आणि तेही रांगेत उभे करण्यासाठी. मी मात्र गणपती उठून गेल्यावर, बी. ए.च्या दहा-बारा मुलांना घेऊन गिरणगाव पाहायला निघालो. वर्गात कामगार साहित्य चालू होते. साचा, पाळी, बदली, मुकादम, भोंगा असे शब्द एकामागून एक फळ्यावर लिहीत होतो आणि मुले ते इमानेइतबारे वहीत उतरवून घेत होती. पण हे शब्द ज्या मातीत रुजले, त्या मातीवर ही मुले जातात ती सिनेमा पाहायला!

वर्गातल्या एका मुलीचे आजोबा आमचे वाटाडे झाले. मूळचे साताऱ्याकडचे. तरुणपणी गिरणीत साचे चालवलेले, आणि आता डिलाइल रोडवरच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत राहणारे. (रस्त्याचे नाव ना. म. जोशी मार्ग झाल्याला कितीतरी वर्षे लोटली. आजोबांच्या तोंडून ते एकदाही ऐकले नाही.) करी रोडला उतरून पुलावरून आम्ही चालू लागलो. पावसाने धुतलेले आकाश स्वच्छ होते, आणि त्यात श्रीनिवास मिलच्या जागेवर उभा असलेला तो उंचच उंच मनोरा मान मोडेपर्यंत वर पाहिले तरी संपत नव्हता.

"सर, हितं पैल्या पाळीचा भोंगा झाला की रस्ता दिसायचा नाही," आजोबा म्हणाले. "नुसत्या टोप्या."

कावसजी दावर यांनी 1854 साली कंपनी काढली आणि दोन वर्षांनी ताडदेवला मुंबईतली पहिली कापडगिरणी सुरू झाली. पुढल्या शतकात भायखळ्यापासून दादरपर्यंत पन्नासहून अधिक गिरण्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्या भिंतींना चिकटून चाळी वसल्या. दाटीचे म्हणाल, तर आजच्या कोणत्याही टॉवरने लाजावे! एका गावचे वीस-पंचवीस गडी मिळून एक खोली घेत. पहिल्या पाळीचा माणूस उठून गेला, की त्याच्या वळकटीच्या जागी तिसऱ्या पाळीचा येऊन आडवा होई. जेवण खाणावळवाल्या बाईकडे. अशाच बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. मुलींना हा भाग फार आवडला. एकीने विचारले, "आजोबा, खाणावळीचे पैसे बुडवायचं का कुणी?" आजोबा नुसते हसले.

18 जानेवारी 1982 रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या मात्र एकेक करून बंद पडल्या. उरली ती जमीन, सुमारे सहाशे एकर आणि तीही मुंबईच्या ऐन मध्यावर. नकाशावर ती औद्योगिक. तेथे घरे, दुकाने, कचेऱ्या बांधायच्या तर नियम बदलायला हवा. शहराचा आराखडा महापालिका आखते, पण त्यावर शेवटची मोहोर उठते ती मंत्रालयात.

1991 च्या विकास नियमावलीत 58 क्रमांकाचा नियम आला. तो सांगायला सोपा होता. गिरणी पाडून जागेचा नवा उपयोग करायचा असेल, तर साधारण एक तृतीयांश जमीन महापालिकेला मैदाने-बागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. वाटणी इतकी सरळ, की मालकांना ती मुळीच रुचली नाही. पुढे येणारे थोडे निघाले. कोणी जुन्या शेडमध्येच नवा धंदा थाटला. मग 2001 साली नियम बदलला आणि त्यात एक शब्द आला. वाटणी व्हायची ती फक्त 'मोकळ्या' जागेची.

मी भाषेचा मास्तर, त्यामुळे शब्दाशी आलो की माझे पाऊल अडते. मुलांना फुटपाथवरच उभे करून मी हिशेब घातला. समजा, गिरणी पंधरा एकरांची आहे आणि बारा एकरांवर शेड आहे. जुन्या नियमाने शहराला पाच एकर, म्हाडाला पाच एकर. नव्या नियमाने मोकळी जागा तीनच एकर. म्हणजे शहराला एक, म्हाडाला एक, आणि मालकाकडे तेरा!

"पण सर, शेड पाडल्यावर ती जागा मोकळीच होणार ना?" एका मुलाने विचारले.

पोराला ठाऊक नव्हते, पण त्याने विचारले तोच प्रश्न उच्च न्यायालयापुढे होता. 2005 च्या ऑक्टोबरात उच्च न्यायालयाने त्याच्याच बाजूने कौल दिला. पाडल्यावर मोकळी होणारी जागाही मोकळीच. 2006 च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. मोकळी म्हणजे आधीपासून मोकळी. दरम्यान 2005 सालीच सरकारी मालकीची मुंबई टेक्स्टाइल मिल 702 कोटी रुपयांना विकली गेली होती. आमच्या कोशांत एका शब्दाला चार-पाच अर्थ देतात. पण त्यांतल्या कोणत्या अर्थाला किती कोटी, हे कोणी लिहून ठेवत नाही.

गिरण्या पुन्हा चालू व्हायला हव्या होत्या, असे म्हणणाऱ्यांतला मी नाही. मुंबईला घरे हवीत, उंच हवीत, दाटीची हवीत, हेही कबूल. पण त्या जागेवर घरांआधी कचेऱ्या आल्या. गिरणीकामगार कामावर चालत जाई, त्याला रेल्वेची गरज नव्हती. त्याच एकरांवर कचेऱ्या आल्या तेव्हा माणसे विरार-कल्याणहून येऊ लागली, आणि स्टेशनांचे पूल राहिले गिरण्यांच्या काळातलेच. 29 सप्टेंबर 2017 रोजी, ऐन खंडेनवमीला, परळ आणि एल्फिन्स्टन रोड स्टेशनांना जोडणाऱ्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन 23 माणसे गेली. त्याच वर्षी डिसेंबरअखेर कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागली, त्यात 14 गेली.

फिनिक्स मिलच्या आवारात दुकानांच्या झगमगाटात जुनी चिमणी अजून उभी आहे. मुलांनी तिच्याखाली फोटो काढले. आजोबांना मी म्हटले, "तुम्हीही या." ते आले नाहीत. पलीकडच्या कट्ट्यावर बसून त्यांनी पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला. घरासाठी केलेल्या अर्जाची पावती होती. असे अर्ज दीड लाखाच्या घरात आले आहेत. 2012 च्या पहिल्या सोडतीत घरे निघाली 6,925. त्यानंतरही सोडती झाल्या, आजोबांचा नंबर लागला नाही. आता शेलू आणि वांगणीला घरे देण्याचे घाटत आहे. ती नकोत, घरे मुंबईतच द्या, म्हणून 2025 च्या जुलैत आझाद मैदानावर मोर्चा निघाला. आजोबाही काठी घेऊन गेले होते.

"शेलू लांब आहे हो?" मी विचारले.

"कर्जतच्या अलीकडं. आम्ही चौघं जाऊन बघून आलो," कागदाची घडी घालत ते म्हणाले. "जागा बाकी लई मोकळी आहे, सर."