भाडेकरूसकट घर विकणे आहे

पुण्यामुंबईकडे जुने घर विकायला निघाले की जाहिरातीत सर्वांत मोठ्या अक्षरांत काय असते? 'रिकामा ताबा मिळेल.' आत भाडेकरू आहे म्हटले की गिऱ्हाईक चहाही न घेता उठते. इंग्लंडच्या उत्तर भागात मात्र नेमकी उलटी तऱ्हा! तिथल्या घरदलालांच्या दुकानांच्या काचांवर घरांचे फोटो लावलेले असतात आणि कित्येकांच्या खाली मोठ्या दिमाखात लिहिलेले असते, 'भाडेकरू राहत आहे.' आपल्याकडे जो दोष, तोच तिथे गुण. पहिल्या दिवसापासून भाडे सुरू!

लंडनच्या यूस्टन स्टेशनावरून गाडीत बसले की साधारण सव्वादोन तासांत लिव्हरपूलचे लाइम स्ट्रीट स्टेशन येते. हे शहर आपल्याला परके नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि मुंबईचा कापूस गलबते भरभरून याच मर्सी नदीच्या गोद्यांत उतरू लागला. मुंबईत पैशाचा पूर आला, समुद्र बुजवण्याच्या कंपन्यांचे भाग चढ्या भावाने विकले गेले; आणि १८६५ मध्ये युद्ध थांबल्याची वार्ता येताच प्रेमचंद रायचंदांसारख्या धनिकालाही हादरा बसला. दूरदेशच्या घडामोडीवर आपला पैसा लावणे म्हणजे काय, हे मुंबईने लिव्हरपूलच्या पेठेतूनच शिकून घेतले म्हणा ना.

पुढे गोद्या थंडावल्या. १९३० च्या सुमारास साडेआठ लाखांच्या आसपास असलेली वस्ती २००१ मध्ये ४ लाख ३९ हजारांवर आली. माणसे गेली, घरे मागे राहिली. लाल विटांच्या या चाळीच म्हणायच्या, पण आडव्या. एकाला एक चिकटलेली पन्नास पन्नास घरे. खाली दोन खोल्या, वर दोन खोल्या, दार उघडले की पाय थेट फुटपाथवर. मागे चिमुकले अंगण आणि त्यापलीकडे अरुंद बोळ. त्या बोळाला तिथले लोक 'जिगर' म्हणतात, हे ऐकून मला फारच गंमत वाटली.

यातल्या 'वेल्श स्ट्रीट्स' या भागातील मॅड्रिन स्ट्रीटवर ९ नंबरच्या घरात १९४० साली बीटल्समधला रिंगो स्टार जन्मला. हा सगळा भाग पाडायचा घाट होता. २०१५ मध्ये सरकारने त्याला नकार दिला आणि घरे दुरुस्त होऊन भाड्याने गेली. जवळच ग्रॅन्बी भागात रहिवाशांनी ओस रस्त्यांवर कुंड्या मांडल्या, भिंती रंगवल्या आणि पडकी घरे सावरली. त्या कामाबद्दल 'असेंबल' या मंडळींना २०१५ चे टर्नर पारितोषिक मिळाले. २०१३ मध्ये तर नगरपालिकेने काही मोडकी घरे एकेका पौंडाला देऊ केली. मुख्य अट अशी, की स्वतः दुरुस्त करून त्यात राहायचे.

माझा भाचा मँचेस्टरला नोकरीला आहे. त्याचे वडील, म्हणजे आमचे दाजी, पुण्यात निवृत्त झाले. सदाशिव पेठेतल्या वडिलोपार्जित वाड्यात त्यांचे चार भाडेकरू. महिना पस्तीस रुपये भाडे आणि तेही मनिऑर्डरने. पंधरा वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेल्या दाजींच्या मनात आले, की फंडाचा पैसा एका विलायती घरात घालावा. "तिथे कायदा चोख आहे," त्यांचे म्हणणे. मी त्या बाजूला जाणारच होतो, म्हणून घर पाहण्याचे काम माझ्याकडे आले.

दलालाने दाखवलेल्या घरात सत्तरीच्या एक बाई राहत होत्या. एकोणीस वर्षे तिथेच. खिडकीत जिरेनियमची फुले, जिन्याशी नातवंडांचे फोटो. त्यांनी चहा केला, बिस्किटे पुढे केली आणि भाच्याला हळूच विचारले, "तुम्ही मला काढणार नाही ना? मागच्या चौदा वर्षांत तीन मालक झाले. दर वेळी मी खोकी आणून ठेवते."

बाहेर आल्यावर भाचा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, आपण घर बघायला आलो होतो ना? इथे तर माणूस विकायला ठेवलंय."

कायद्याने पाहिले तर बाईंची भीती आता पुष्कळच कमी व्हायला हवी. घर विकले तरी भाडेकरार मोडत नाही. नवा मालक जुन्याच्या जागी येतो, अनामतीची जबाबदारीही त्याच्याकडे येते. १९८८ च्या कायद्याने मालकाला कारण न सांगता दोन महिन्यांच्या नोटिशीवर घर खाली करून मागता येत असे. २०२५ च्या नव्या कायद्याने इंग्लंडात ती सोय काढून टाकली आणि त्यासाठी १ मे २०२६ ही तारीख ठरवली. घर विकायचे असेल तर चार महिन्यांची नोटीस, भाडेवाढ वर्षातून एकदाच आणि तीही भाडेकरूला पंचांपुढे नेता येते. छप्पर, नळ, घर तापवणारा बॉयलर यांची दुरुस्ती मालकाकडे. गॅसची तपासणी दरवर्षी. आणि स्वतःच्या घरात डोकावायचे तरी चोवीस तास आधी कळवायचे! दाजींचा 'चोख कायदा' चोख होता खरा. पण तो दोन्ही बाजूंनी चोख होता.

आता हिशेब. रात्री आम्ही कागद पेन्सिल घेऊन बसलो. घर एक लाख पौंडांचे आणि भाडे महिना ६५० पौंड धरा. वर्षाचे ७,८०० झाले. पावणेआठ टक्क्यांच्या वर! दलाल एवढेच सांगतो. पण राहत्या घराव्यतिरिक्त दुसऱ्या घरावर ५ टक्के आणि परदेशस्थ म्हणून आणखी २ टक्के, म्हणजे ७,००० पौंड मुद्रांकालाच. वकील, तपासणी धरून २,०००. मग दरसालचे: भाडे वसूल करणाऱ्या दलालाचे शेकडा बारा, विमा आणि दुरुस्तीला पंधराशे, महिनाभर घर रिकामे. निव्वळ उत्पन्नावर शेकडा २० कर. हाती उरले सुमारे ३,७७०, म्हणजे गुंतवलेल्या १ लाख ९ हजारांवर जेमतेम साडेतीन टक्के.

घरचे नियम निराळेच. रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पैसे बाहेर नेता येतात. परंतु एप्रिल २०२५ पासून १० लाख रुपयांवरच्या रकमेवर बँक २० टक्के कर आगाऊ गोळा करते. तो पुढे वळता होतो, पण तोवर अडकून पडतो. शिवाय विलायतचे घर आणि भाडे दोन्ही इथल्या विवरणपत्रात दाखवायची. तिथे भरलेल्या कराची वजावट मिळते, लपवाछपवीला मात्र क्षमा नाही.

हे सगळे दाजींना फोनवर वाचून दाखवले. ते गणिताचे मास्तर; आकडे ऐकून गप्प राहिले. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, "जानेवारीत बॉयलर बंद पडला तर त्या बाईंकडे कोण जाणार?"

भाचा म्हणाला, "बाबा, मीच. मँचेस्टरहून तासाभराचा रस्ता आहे."

"मग घर तू घे, जमेल तेव्हा. पुण्यात बसून मला कुणाच्या थंडीचा मालक व्हायचं नाही."

दाजींनी पैसा पोस्टात आणि बँकेत विभागून ठेवला. परदेशात घर घेणाऱ्या आपल्या कुटुंबांना नाउमेद करावे असा माझा हेतू नाही. आकडे जुळत असतील, जवळ भरवशाचे माणूस असेल, तर अवश्य घ्यावे. फक्त सौद्याच्या कागदावर जिथे 'भाडेकरूसकट' असे लिहिलेले असते, तिथे क्षणभर थांबावे. त्या एका शब्दाच्या आत कुणीतरी चहा ठेवलेला असतो, आणि जिन्याखाली रिकामी खोकी जपून ठेवलेली असतात.