गळ आणि छप्पर

गळ टाकून बसणाऱ्याला दोन चिंता असतात : मासा लागेल का, आणि डोक्यावर काय असेल? पहिली देवावर सोपवता येते. दुसरीसाठी पदरचे पैसे मोजावे लागतात, आणि मराठीच्या प्राध्यापकाचा पदर तो केवढा!

दिवसापुरते बसायचे तर ताडपत्री पुरे. दोन झाडांना दोरी बांधावी, वाऱ्याकडची कड खुंट्यांनी जमिनीलगत ताणावी, पाण्याकडची उघडी ठेवावी. गळावर नजर राहते. रात्रीची गोष्ट निराळी. कार्तिकात दव पडते, विंचूकाट्याचे भय असते. तंबू घ्यावा, तर स्वस्त एकेरी कापडाच्या आत आपल्याच श्वासाची वाफ गार होऊन पहाटे अंगावर टपकते. दुहेरी कापडाचा घ्यावा, तर खिसा कुरकुरतो.

त्यातून, सत्तरी उलटलेल्या आमच्या अण्णांनी यंदा पवनेच्या काठी एक रात्र मागितली आहे, आणि त्यांचे गुडघे आता वाकत नाहीत. दुकानात मी भाव विचारण्याआधी दाराची उंची पाहू लागलो. रांगत शिरावे लागेल असे छप्पर अण्णांच्या काय कामाचे?

शेवटी मोठी ताडपत्री, दोन उंच बांबू आणि मच्छरदाणी घेतली. घरची बाज बरोबर नेऊ. अण्णा ताठ चालत आत येतील, बाजेवर बसतील. मग मासा लागो, न लागो!