रणांगणावरची जबानी

लढाईचा इतिहास लिहिणाऱ्याला कागदांची टंचाई क्वचितच भासते. आधुनिक सैन्ये हुकूमनामे, नकाशे, बिनतारी संदेश, रसदीचे हिशेब आणि प्रत्येक पलटणीची युद्धदैनंदिनी, म्हणजे रोजच्या हालचालींची अधिकृत नोंदवही, एवढा ऐवज मागे ठेवतात की तो वाचून संपवण्यास एक आयुष्य अपुरे पडावे. मात्र या ढिगात एक खिंडार हमखास असते: गोळीबार जितका तीव्र, तितकी नोंद त्रोटक, कारण नोंद करणारा त्या वेळी जमिनीला छाती लावून पडलेला असतो किंवा मेलेला असतो, आणि संध्याकाळी दुसराच कोणी अंदाजाने वेळ टाकून दोन ओळी लिहून मोकळा होतो. ज्या अर्ध्या तासात निकाल लागला त्याचाच कागद नाही, ही अडचण ओळखून लढलेल्या माणसालाच विचारण्याचा मार्ग काही इतिहासकारांनी धरला. ठरवून घेतलेल्या, जपून ठेवलेल्या आणि इतरांना तपासता येतील अशा मुलाखतींवर उभ्या राहणाऱ्या या इतिहासाला मौखिक इतिहास म्हणतात. त्याच्या लष्करी शाखेत ज्यांनी उभी हयात घालवली त्यांत अमेरिकेच्या फॉरेस्ट पोग यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

केंटकी राज्यात १९१२ मध्ये जन्मलेल्या पोग यांनी १९३९ मध्ये क्लार्क विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली; ते अध्यापन करत. १९४२ मध्ये सक्तीच्या भरतीत त्यांना सैन्यात जावे लागले. अमेरिकी सैन्याने त्या सुमारास युद्ध चालू असतानाच त्याच्या इतिहासाची साधने गोळा करण्याचे ठरवले होते आणि त्यासाठी प्रशिक्षित इतिहासकार आघाडीवर पाठवले जात होते. जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या ओमाहा किनाऱ्यावर सैन्य उतरले तेव्हा सार्जंटच्या हुद्द्यावरचा हा विद्वान किनाऱ्याजवळच्या एका जहाजावर होता. रणगाडे उतरवण्यासाठी बांधलेली अशी जहाजे परतीच्या फेरीत जखमींना घेऊन जात, आणि पोग यांनी आपल्या पहिल्या मुलाखती या जखमींच्याच घेतल्या. समुद्राच्या ओढीने बऱ्याच नावा ठरल्या जागेच्या पूर्वेला लागल्या होत्या, तुकड्यांची सरमिसळ झाली होती, अनेक बिनतारी संच पाण्यात गेले होते. त्यामुळे त्या सकाळी कोण कोठे उतरले हे वरिष्ठांच्या कागदांत नीट उमटणे शक्यच नव्हते. स्ट्रेचरवरच्या माणसाला मात्र आपल्या आजूबाजूची काही हात जमीन स्पष्ट आठवत होती. असे शेकडो तुकडे नकाशावर मांडून, एकमेकांशी ताडून, सैन्याच्या इतिहासकारांनी त्या दिवसाची संगती लावली. ओमाहाच्या लढाईवरचे जे अधिकृत पुस्तक १९४५ मध्ये निघाले त्याचा मोठा आधार अशा मुलाखतींचाच आहे.

या कामातील अवघड बाजू हुद्द्याची होती, आणि तिच्याकडे अभ्यासकांचे लक्ष जावे तितके जात नाही. सैन्यात प्रश्न वरून खाली विचारले जातात. सार्जंटने कर्नलला ‘तुमची बटालियन तेथे का थांबली?’ असे विचारणे शिस्तीच्या जवळजवळ बाहेरचे, तर साध्या शिपायाच्या मनात विचारणारा कोणीही असो, आपली चौकशी चालली आहे ही शंका आधी येते. म्हणजे मिळणारे उत्तर केवळ स्मृतीतून येत नाही. समोर कोण बसले आहे, त्याच्या खांद्यावर काय आहे आणि त्याच्या वहीचे पुढे काय होणार, याचा हिशेब त्यात मिसळलेला असतो. जुने पत्र इतिहासकाराला सापडते आणि त्याच्या मजकुरात त्याचा हात नसतो. जबानीच्या निर्मितीत मात्र तो स्वतः भागीदार असतो. या भागीदारीचा पुरावा, म्हणजे विचारलेला प्रश्न, उत्तराइतक्याच काळजीने जपणे हे या व्यवसायातील पहिले कर्तव्य ठरते, आणि ते चुकले की काय होते याचे उदाहरण पोग यांच्याच पिढीने पाहिले.

एस. एल. ए. मार्शल हे मूळचे डेट्रॉइटचे पत्रकार. नोव्हेंबर १९४३ मध्ये पॅसिफिकमधील माकिन बेटावरच्या लढाईनंतर त्यांनी एक पद्धत रूढ केली: लढलेल्या तुकडीतील जिवंत माणसांना एकत्र बसवायचे, पहिल्या गोळीपासून क्रमाने घटना वदवून घ्यायच्या आणि एकाचे चुकले तर दुसऱ्याने सर्वांदेखत दुरुस्त करायचे. अधिकारी आणि शिपाई तेथे एकाच रांगेत साक्षीदार होतात, त्यामुळे हुद्द्याची अडचणही बरीच सैल होते. पद्धत म्हणून ती आजही स्पृहणीय वाटते. परंतु १९४७ च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात मार्शल यांनी या मुलाखतींच्या बळावर असे विधान केले की प्रत्यक्ष चकमकीत जेमतेम १५ ते २५ टक्के पायदळ सैनिकच शत्रूवर बंदूक चालवतात. सैन्याच्या प्रशिक्षणावर या आकड्याचा दीर्घकाळ प्रभाव राहिला. पुढे १९८८ मध्ये रॉजर स्पिलर यांनी मार्शल यांच्या टिपणवह्या तपासल्या तेव्हा अशी मोजदाद केल्याची खूण त्यांना आढळली नाही, आणि मुलाखतींना सोबत बसणाऱ्या सहकाऱ्यालाही ‘तुम्ही गोळी झाडली का?’ हा प्रश्न विचारला गेल्याचे आठवत नव्हते. त्या विधानात तथ्य असेलही. पण ज्या प्रश्नाची नोंद नाही त्याच्या उत्तरांची टक्केवारी कोणी तपासायची?

मराठी वाचकाला हा वाद परका वाटू नये. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला तेव्हा पानिपतच्या काळातील अस्सल पत्रांच्या आधारे त्यांनी बखरींची जी झाडाझडती घेतली, तिने पुढच्या पिढ्यांना ऐकीव मजकुराकडे संशयाने पाहण्याची सवय लावली. ती सवय उपकारकच ठरली, तरी बखरीचा दोष ती ऐकीव आहे एवढ्याने सांगून संपत नाही. सभासदाची बखर राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिली गेली, एवढे तरी ठाऊक असल्यामुळे ती कशी वाचावी याचा अदमास येतो. अनेक बखरींच्या बाबतीत कोणी, कोणाला, कशासाठी विचारले याचाच पत्ता लागत नाही.

प्रश्न उत्तराला किती खोलवर घडवतो याचा एक विलक्षण नमुना पहिल्या महायुद्धातील आहे. बर्लिनजवळ वुन्सडॉर्फच्या छावणीत ठेवलेल्या हिंदी युद्धकैद्यांचे आवाज जर्मन भाषाशास्त्रज्ञांनी तबकड्यांवर मुद्रित केले. त्यांना युद्धाची हकीकत नको होती, भाषेचा नमुना हवा होता. डिसेंबर १९१६ मध्ये ध्वनिमुद्रण झालेल्या माल सिंग या पंजाबी सैनिकाने आपली कैफियत ‘एक माणूस होता’ अशा धाटणीने, स्वतःला तृतीय पुरुषात ठेवून सांगितली. हिंदुस्थानात तो माणूस लोणी खाई, दूध पिई, असे सांगत ती घरच्या ओढीपर्यंत येते. लढाईविषयी त्याला कोणी काही विचारलेच नव्हते.

काळाचे अंतर हा याहून वेगळा प्रश्न आहे. जखमीची जबानी काही तासांची असते. म्हाताऱ्या सैनिकाची जबानी अर्धशतकाची असते, आणि मधल्या काळात त्याने ऐकलेली भाषणे, वाचलेली पुस्तके, पाहिलेले चित्रपट तिच्यात मिसळतात. ॲलिस्टर थॉमसन यांनी १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियातील पहिल्या महायुद्धाच्या सैनिकांच्या मुलाखती घेतल्या तेव्हा काहींच्या कथनात १९८१ च्या ‘गॅलिपोली’ चित्रपटातील प्रसंग स्वानुभव म्हणून आलेले त्यांना दिसले. अशा साक्षीदाराला खोटारडा ठरवणे उथळपणाचे होईल, कारण आपल्या आयुष्याशी सुसह्य तडजोड करणारी आठवण माणूस नकळत रचत असतो, आणि ती रचना हाही इतिहासाचाच विषय आहे. मात्र तोफ किती वाजता धडाडली हे अशा साक्षीवरून ठरवू नये, एवढे तारतम्य हवे.

पोग यांच्या कारकिर्दीचे वैशिष्ट्य असे की ही दोन्ही टोके त्यांनी हाताळली. दोस्त राष्ट्रांच्या सर्वोच्च मुख्यालयावरील त्यांचा ‘द सुप्रीम कमांड’ हा अधिकृत ग्रंथ १९५४ मध्ये आला, आणि १९५६ पासून त्यांच्यापुढे जनरल जॉर्ज मार्शल बसले. एस. एल. ए. मार्शल यांचे हे केवळ आडनावबंधू. युद्धकाळात अमेरिकेचे सेनाप्रमुख, नंतर परराष्ट्रमंत्री आणि १९५३ च्या शांतता नोबेलचे मानकरी. आत्मचरित्र लिहिण्यास त्यांनी सतत नकार दिला होता, ते ध्वनिफितीवर बोलण्यास मात्र तयार झाले. पंचाहत्तरी उलटलेल्या या माणसाला नुसते ‘सांगा’ म्हणून भागणार नव्हते. पोग आधी त्या त्या काळाची कागदपत्रे वाचत आणि मग प्रश्न काढत. काही फितींच्या वेळी ते तेथे हजरही नव्हते: त्यांनी लेखी पाठवलेले प्रश्न समोर ठेवून जनरल यंत्राशी बोलत गेले. मुलाखतीच्या दृष्टीने हे गैरसोयीचेच, कारण उत्तर घसरले तर तेथल्या तेथे टोकता येत नाही. पण त्यामुळे प्रश्न कागदावर आले आणि टिकले.

या फितींवर आणि अभिलेखागारांतील कागदांवर मिळून चार खंडांचे चरित्र उभे राहिले, पहिला खंड १९६३ मध्ये आणि शेवटचा १९८७ मध्ये. पोग यांचे १९९६ मध्ये निधन झाले, आणि त्यांनी युद्धात ठेवलेल्या रोजनिशा २००१ मध्ये पुस्तकरूपाने आल्या. मुलाखतींची संहिताही स्वतंत्र ग्रंथ म्हणून छापली गेली आहे, त्यामुळे जनरलांची कोणती वाक्ये चरित्रात घेतली गेली, कोणती गाळली गेली, कोणत्या उत्तराला कागदांपुढे माघार घ्यावी लागली, हे आता कोणालाही पानाशी पान लावून पाहता येते; आणि गाळलेले वाक्यच अधिक बोलके वाटले तर पोग यांच्याशी वाद घालण्याची सोयही त्यांनीच करून ठेवली आहे.