तंजावुरात मराठी तिखट शोधताना

मी कोल्हापूरची. तोंडाला झणझणीत लागल्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. तंजावूरला निघाले तेव्हा मनात एकच होतं: व्यंकोजीराजांपासून 1855 पर्यंत भोसल्यांनी जिथं राज्य केलं, तिथं मराठी तिखट मिळणारच. बृहदीश्वराच्या देवळात 1803 साली कोरलेला भोसले घराण्याचा इतिहास मराठीत आहे. त्या भिंतीसमोर उभी राहिले आणि खात्रीच पटली.

दोन दिवस राजवाड्याच्या आसपास हिंडले. कळत होत्या तेवढ्या पाट्यांवर मील्स, बिर्याणी, फ्राइड राइस, गोबी मंचुरियन. चायनीजच्या गाड्या होत्या, मराठी पदार्थाचं नावही नव्हतं. एका खानावळीत वाढप्यानं विचारलं, "कारम् वेणुमा?" मला ऐकू आलं 'खारं'. मीठ नको, म्हणून मी मान हलवली. तो दहीभात वाढून पुढं गेला. कारम् म्हणजे तिखट, हे दुसऱ्या दिवशी कळलं. जे मागायला इतक्या लांब आले, तेच नको म्हणून बसले होते. फार चुटपूट लागली.

शेवटी सरस्वती महाल ग्रंथालयात गेले. दुसरे सरफोजी (राज्यकाल 1798 ते 1832) यांच्या काळातलं 'सरभेंद्र पाकशास्त्र' तिथलं. त्याची चौकशी करत होते, तेवढ्यात शेजारी वाचत बसलेले एक निवृत्त मास्तर वळून माझ्याशी मराठीत बोलले. ती मराठी तमिळ हेल घेऊन येत होती, प्रत्येक वाक्य मला दोनदा ऐकावं लागलं. पण "उद्या घरी जेवायला या" हे मात्र पहिल्याच खेपेला समजलं.

दुसऱ्या दिवशी मास्तरकाकांच्या घरी गेले, तेव्हा काकू स्वयंपाकघरात कारल्याचं पिट्लै करत होत्या. धणे, हरभरा डाळ, लाल मिरच्या आणि खोबरं तेलावर खमंग परतून वाटलेलं. कारल्याच्या फोडी चिंचेच्या कोळात शिजलेल्या, त्यात तुरीचं वरण आणि ते वाटण. पिट्लै म्हणजे आपलं पिठलंच, असं काका म्हणाले. पीठ गेलं, नाव राहिलं. केळीच्या पानावर पुढं आली वांग्याची रसवांगी. मग डांगर पच्चडी: भाजलेल्या उडदाचं पीठ दह्यात कालवून वर मोहरी-हिंगाची फोडणी. ती जिभेवर ठेवली आणि मला आजीच्या हातचं डांगर आठवलं. तीच चव. डोळे भरून आले.

व्यंकोजीराजांचे पुत्र शहाजीराजे यांच्या मुदपाकखान्यात आमसुलं संपली, म्हणून आमटीत चिंच घातली आणि सांबार झालं, ही कथाही काकांनी सांगितली. ती दंतकथाच. मला मात्र पानावरची डांगर पच्चडी त्याहून मोठा पुरावा वाटली.

तिखट होतं का? होतं. आपला तांबडा रस्सा पहिल्या भुरक्याला ठसका देतो. पिट्लैचं तिखट चिंच आणि कारल्याच्या मागून सावकाश येतं आणि बराच वेळ रेंगाळतं. मला ते जास्त आवडलं.

तंजावूरला गेलात, तर पाट्यांवर मराठी जेवण शोधू नका. पिट्लै, रसवांगी, डांगर पच्चडी ही नावं घेऊन विचारा. आणि कुणी "कारम्?" म्हणालं, तर हो म्हणा.