तळघरातील ताळेबंद

अमेरिकेच्या ईशान्य भागात, विशेषतः गॅसची वाहिनी न पोहोचलेल्या जुन्या वस्त्यांत, अनेक घरे आजही तेल जाळून उबदार ठेवली जातात. तळघरात बहुधा २७५ गॅलनची, म्हणजे हजारएक लिटरची टाकी असते. शेजारी बॉयलर, आणि तेथून निघालेल्या तांब्याच्या नळ्यांतून भिंतींच्या पायथ्याशी खेळणारे गरम पाणी. घराचे दोन-तीन झोन पाडलेले असतात. प्रत्येकाला स्वतंत्र थर्मोस्टॅट व स्वतंत्र झडप. ज्या झोनला उष्णता हवी, त्याची झडप उघडते आणि पंप फिरू लागतो.

बोस्टनजवळच्या अशाच एका घरी सांगलीकडचे अण्णा सपत्नीक मुलाकडे राहावयास गेले. त्यांची सारी हयात साखर कारखान्याच्या भांडार विभागात गेलेली. तळमजल्यावरील मागची खोली, म्हणजे तिसरा झोन, त्यांना मिळाली. मुलगा व सून वरच्या मजल्यावर.

जानेवारीत तेलाचे बिल आले तेव्हा मुलगा म्हणाला, "अण्णा, तुमच्या खोलीत ७२ कशाला ठेवता? आम्हाला ६८ पुरतं."

अण्णांनी निमूटपणे आकडा खाली आणला. पत्नी दोन शाली पांघरून बसू लागल्या. वास्तविक ७२ वर ठेवूनही खोली गारच राहत होती. पण हे सांगणे म्हणजे तक्रार, आणि पाहुण्याने तक्रार करू नये. मुलाच्या घरी आईवडील पाहुणे केव्हापासून झाले, याची नोंद कोणत्याही वहीत सापडत नाही.

अण्णांनी तेलाच्या पावत्या मात्र मागून घेतल्या. तेल पुरवणारे लोक एक सोपे गणित वापरतात. दिवसाचे सरासरी तापमान ६५ अंश फॅरनहाइटच्या जितके खाली, तितके त्या दिवसाचे 'अंश-दिवस'. त्यांच्या बेरजेला जळालेल्या गॅलनांनी भागले, की घर तेल कसे खाते ते कळते. आदल्या हिवाळ्यात गॅलनमागे ५ अंश-दिवस पडत होते; आता ४. म्हणजे सरासरी २५ अंशांच्या दिवशी जेथे ८ गॅलन पुरत, तेथे १० लागत होते. घसरण नोव्हेंबरातच, अण्णा येण्यापूर्वी, सुरू झाली होती. ते आल्यावर ती वाढली, हेही त्यांनी वहीत प्रामाणिकपणे मांडले.

मग एका दुपारी ते तळघरात उतरले. वरचा मजला रिकामा होता, तेथील थर्मोस्टॅट ६० वर. तरीही वर जाणारी नळी हाताला चटका देत होती. स्वतःच्या झोनची नळी सुरुवातीला गरम, पुढे कोमट, आणि आत खळखळ. कारखान्यात वाफेच्या नळ्यांजवळून रोज जाणाऱ्याला एवढे पुरे.

तंत्रज्ञ आला. वरच्या झोनची झडप उघडी अडकली होती. कोणत्याही झोनसाठी पंप फिरला की पाणी वर धावत होते. तिसऱ्या झोनमध्ये हवा कोंडलेली. त्यामुळे तो झोन अखंड उष्णता मागत राही, ती मिळे वरच्या मजल्याला. त्याने झडपेची मोटर बदलली, नळी बादलीत सोडून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढली. बर्नरचा नोझल व तेलाचा फिल्टरही बदलला, काजळी झाडली. हे काम दरवर्षी व्हावयाचे. दोन वर्षे राहून गेले होते. अशा घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे ना, हेही तेव्हाच पाहून घ्यावे.

"वर फार उकडत नव्हतं का?" त्याने विचारले.

"उकडायचं," सून म्हणाली. "आम्ही रात्री खिडकी थोडी उघडी ठेवायचो. वाटलं, उष्णता वर चढतेच."

मुलगा काही बोलला नाही. खालच्या खोलीत जाऊन त्याने नळीवर हात ठेवून पाहिला आणि बराच वेळ आईजवळ बसून राहिला.

फेब्रुवारीच्या पानावर गॅलनमागे पुन्हा ५ अंश-दिवस दिसतात. खाली 'अण्णांची खोली : ७२' अशी नोंद आहे. अक्षर मुलाचे आहे.